लाल्या आणि पाखऱ्या

बाजारात दोन बैल मिळतात, जोडी मिळत नाही, असं बाबा म्हणत. आजूबाजूचे गुरांचे बाजार ते फिरून येत, पण ते भाव कळावा म्हणून. तिथं हेडी शिंगं साळून, तेल लावून जनावर उभं करतात. मीठ चारून पाणी पाजलं की बसलेलं पोटही भरलेलं दिसतं. सौदा रुमालाखाली, बोटांवर. घ्यायचं ते शेतकऱ्याच्या दावणीवरून, हा बाबांचा नेम.

लाल्या आणि पाखऱ्या असेच मिळाले. आमचं शेलूबाजार तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. जवळच्याच एका गावात भावाभावांच्या वाटण्या झाल्या, शेत तुटलं आणि दुसऱ्या जोडीला काम उरलं नाही. बाबा मला घेऊन गेले.

आधी दात. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, खाली आठ. अडीच वर्षांच्या सुमारास दुधाचे पडून पक्के दोन येतात, मग चार, सहा. आठही आले की बैल जुळला. पुढे वय दातांच्या झिजेवरूनच ओळखायचं. हे दोघेही सहादाती होते.

"दात पाह्यले, भाऊ. आता वखराले जुपा," बाबा म्हणाले.

तो शेतकरी लगेच उठला. विकणारा जुपून दाखवायला कुरकुरला असता, तर बाबा तिथूनच परतले असते. ते वखराच्या मागून चालत राहिले. जू दोघांच्या खांद्यांवर सारखं बसतं का, एकच ओढतो आणि दुसरा नुसता चालतो असं तर नाही ना, धुऱ्यावर वळताना आतला बैल थांबून बाहेरच्याला वाट देतो का, हे पाहत होते. लाल्या डावीकडचा, पाखऱ्या उजवीकडचा. बाजू बदलून पाहिली तर दोघेही गोंधळले. मग बंडीला जुपून जोडी नागपूर-मुंबई रस्त्यावर आणली. आमची शेतं त्या रस्त्यालगत, त्यामुळे ही परीक्षा महत्त्वाची. मागून ट्रकचा भोंगा वाजला. पाखऱ्याने कान टवकारले, पण पाऊल चुकवलं नाही. बाबांनी इसार तिथंच दिला.

निघताना त्या घरच्या मायनं दोघांना कुंकू लावलं, भाकर चारली आणि बाबांना बजावलं, "पाखऱ्या आधी पानी पीत नाही. लाल्याले आधी पाजजा." ते अगदी खरं होतं. आमच्या हौदावरही पाखऱ्या लाल्याची मान वर होईपर्यंत उभा राही.

त्यांचं काम पाहावं ते डवरणीला. कपाशी गुडघ्याएवढी झालेली, काळी माती पायाला चिकटणारी, तोंडाला मुसकं, आणि तरीही दोन ओळींमधून जाताना लाल्याचा खूर झाडावर पडत नसे. बाबा कासरा ढिला सोडत. काठी त्यांच्या हाती असे, पण ती उगारलेली मला आठवत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी लोणी-हळदीनं खांदे शेकताना पाखऱ्या स्वतःहून मान खाली करी.

1 जुलै 1998 ला वाशीम जिल्हा वेगळा झाला, तेव्हा दोघेही थकले होते. पुढे पाखऱ्या गेला. बाबांनी लाल्याच्या जोडीला दुसरा बैल आणला, उजव्या अंगाचाच, चांगला. लाल्या जू घेई, चार पावलं चाले आणि थांबे. बाबांनी त्याला त्यानंतर कधी जुपलं नाही. गिऱ्हाइकं आली, परत गेली. कुटार आणि ढेप त्याला शेवटपर्यंत कामाच्या बैलाएवढीच मिळाली. माझ्या मते बाबांनी शेतीत केलेलं सर्वांत मोठं काम हेच.

आता शेलूबाजारजवळून समृद्धी महामार्ग जातो, त्यावर बंडीला मज्जाव आहे. नांगरटी, पेरणी ट्रॅक्टर करतो. पण उभ्या पिकात, ओल्या रानात अजूनही बैलच लागतो, म्हणून जोड्या आजही विकल्या आणि घेतल्या जातात. तुम्ही घेणार असाल तर दोघांना एकत्र जुपून पाहा, ज्या घरात ती जोडी वाढली तिथल्या बाईशी बोला, आणि कामाच्या वर्षांनंतरच्या चाऱ्याचाही हिशेब धरूनच इसार द्या.