चालतं ते सगळंच बरोबर असतं का?

शिक्षक मित्रांनो, मी डीएड झालेला प्राथमिक शिक्षक. सी भाषा काही आपल्या अभ्यासक्रमात नाही. पण नाचणगावची मुलं पुढे डिप्लोमाला जातात आणि अडलं की जुन्या सरांकडे येतात. एका माजी विद्यार्थिनीने विचारलं, "सर, व्हॉइड पॉइंटरमध्ये कोणताही पत्ता ठेवता येतो ना? मी फंक्शनचा ठेवला, तर मार्क कापले. प्रोग्राम तर चालून राहिला!"

मला काळजी मार्कांची नव्हती. नियम म्हणजे सरांची मर्जी, असं एकदा मनात बसलं की मूल विचारणंच सोडून देतं. म्हणून आम्ही दोघांनी मिळून कारण शोधलं.

१९८९ च्या सी मानकात व्हॉइड पॉइंटरची हमी फक्त डेटाच्या पत्त्यांसाठी आहे. पूर्णांक, अक्षर, स्ट्रक्चर, काहीही ठेवा. मूळ प्रकारात परत आणलं की तोच पत्ता मिळतो. फंक्शनसाठी ही हमी नाही. कारण डेटा आणि प्रोग्राम एकाच जागी राहतील असं नाही. आर्डुइनो उनोच्या चिपमध्ये प्रोग्राम ३२ केबी फ्लॅशमध्ये आणि चालू डेटा २ केबी रॅममध्ये असतो. घर नंबर १२ नाचणगावात आहे आणि पुलगावातही; गाव न सांगता पोस्टमन काय करणार? जुन्या डॉसच्या मीडियम मॉडेलमध्ये तर डेटाचा पत्ता २ बाइटचा आणि फंक्शनचा ४ बाइटचा. चार पायलीचं धान्य दोन पायलीच्या पोत्यात भरलं तर उरलेलं सांडणारच.

मग तिचा प्रोग्राम चालला कसा? तिच्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. तिथे दोन्ही पत्ते सारख्याच आकाराचे. शिवाय पॉझिक्सचं डीएलसिम फंक्शनचा पत्ता व्हॉइड पॉइंटरमध्येच देतं, म्हणून त्या प्रणालींवर हे रूपांतर चालावंच लागतं. ही हमी पॉझिक्सची, सी भाषेची नाही.

उपाय सोपा आहे. फंक्शनचा पत्ता दुसऱ्या प्रकारच्या फंक्शन पॉइंटरमध्ये ठेवता येतो. फक्त बोलावण्याआधी तो मूळ प्रकारात परत आणायचा.

मग मी तिला पाचवीचं गणित दिलं. १६/६४ मधले दोन्ही ६ खोडले तर १/४ उरतात. उत्तर बरोबर! आता १३/३४ मधले ३ खोडून पाहा. ती हसली आणि म्हणाली, "सर, म्हणजे एकदा जमलं, ती रीत नव्हे."

हे वाक्य मी आता अपूर्णांक शिकवताना वापरतो.