पाण्याची वही

माझ्या कपाटात एक लांबट, जाडजूड वही आहे. मोंढ्यातले आडते हिशेबाला वापरतात तसली, लाल कापडी पाठीची. पहिल्या पानावर ‘मार्च २०१६’ एवढंच लिहिलंय आणि त्याखाली बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातल्या एका मुलीच्या अक्षरात नोंद आहे : ‘आठ घागरी. आई तीन, मी चार, भाऊ एक. पहाटे पावणेचार ते साडेसहा.’ लातूरच्या एका महाविद्यालयात मी अर्थशास्त्र शिकवते आणि पदवीच्या मुलांना सक्तीचा असलेला पर्यावरण अभ्यास हा विषयही माझ्याकडे आहे. मुलांची मतं कुठून येतात आणि कुठे अडतात, हे मला या वहीनं शिकवलं.

ती येण्याआधी बारा वर्षं मी मुलांची मतं वाचत होते, असं मला वाटायचं. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं १९९१ साली शिक्षणात पर्यावरण हा विषय सक्तीचा करायला सांगितलं. बरीच वर्षं फारसं काही हललं नाही, तेव्हा २००३मध्ये न्यायालयानं पुन्हा बजावलं आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम सगळ्या शाखांना लागू झाला. अभ्यासक्रम चांगला आहे, हे मी आजही म्हणेन. वर्गाबाहेर पडा, नदी-ओढा-डोंगर बघा, प्रदूषण जिथे आहे तिथे जाऊन या, असं त्यात स्वच्छ सांगितलंय. पण वर्ग शंभर मुलांचा, वेळ थोडा आणि शेवटी गुण भरायची घाई. मग प्रकल्पाची फाईल झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळू लागली. ‘दुष्काळाबाबत तुमचे मत लिहा’ या प्रश्नाला जवळजवळ सगळी मुलं लिहायची, की मानवाने बेसुमार वृक्षतोड केल्यामुळे पर्जन्यमान घटले आहे, म्हणून सर्वांनी झाडे लावली पाहिजेत. ज्याच्या गावच्या शिवारात आजोबांच्या काळापासून तोडायला जंगलच नव्हतं, तोही हेच लिहायचा. त्याला मत नव्हतं असं नाही. परीक्षकाला कोणतं मत लागतं, ते त्याला शाळेपासून ठाऊक होतं. आणि मी त्याला दहापैकी सात गुण देत होते.

मग २०१६चा उन्हाळा आला. मांजरा धरण कोरडं पडलं, शहराच्या नळांना पाणी येईना. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांजवळ भांडणं होऊ नयेत म्हणून प्रशासनानं कलम १४४ लावलं. पाण्यासाठी जमावबंदी. १२ एप्रिलला मिरजेहून पाणी घेऊन पहिली रेल्वे आली; दहा वाघिणींत साधारण पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या सुरू झाल्या, ‘जलदूत’ हे नाव देशभर पोहोचलं. त्याच्या थोडं आधी, मार्चमधल्या एका सकाळी, मला वर्गात ‘जलसंधारणाचे महत्त्व’ शिकवायचं होतं आणि पुढच्या बाकावरच्या मुली पेंगत होत्या. त्या रात्रभर टँकरची वाट बघून आल्या होत्या. मी पुस्तक मिटलं आणि फळ्यावर लिहिलं : काल घरी किती पाणी आलं, ते कुणी आणलं, किती वेळ लागला? मत लिहू नका, असंही बजावलं.

मत लिहू नका म्हटल्यावर मतं यायला लागली. एका मुलानं पहिले चार दिवस ‘घरच्यांनी आणले’ असं लिहिलं. पाचव्या दिवशी मागच्या चारही नोंदी खोडून त्यानं ‘आई, वहिनी’ असं केलं. एकीनं विकतच्या पाण्याच्या जारचे पैसे वडिलांच्या आठवड्याच्या मजुरीतून वजा करून दाखवले. क्रयशक्तीची व्याख्या तिला परीक्षेत आली नव्हती. कुणी गल्लीतल्या टँकरच्या वेळा टिपल्या, कुणी शेजारच्या गल्लीतल्या, आणि दोन्ही पानं समोरासमोर आली तेव्हा वर्गात जी शांतता पसरली ती मी विसरणार नाही. टँकर कुठे रोज येतो आणि कुठे आठवड्यानं, हे पुढाऱ्यांच्या भाषणांत नसतं. ते त्या दोन पानांत होतं.

तेव्हापासून ही वही दर वर्षी पुढच्या वर्गाकडे जाते. नाव ‘पाण्याची वही’च राहिलं, आत काय काय येत गेलं.

तिच्यातला सगळ्यांत मोठा वाद उसाचा. राज्यातल्या पिकाखालच्या जमिनीपैकी चार टक्क्यांच्या आसपास जमिनीवर ऊस आणि सिंचनाचं सत्तर टक्क्यांच्या घरातलं पाणी त्याला, हा आकडा मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले. शहराला रेल्वेनं पाणी आणायचं आणि शिवारात ऊस उभा करायचा, हे मला तेव्हा पटलं नव्हतं, आजही पटत नाही. २०२४च्या दिवाळीनंतर मी तोच आकडा लिहिला, तेव्हा औसा तालुक्यातला एक मुलगा उभा राहिला. ‘मॅडम, ऊस बंद करा म्हणायलेत सगळे. मग लावावं काय, ते बी सांगा की.’ दुसऱ्या दिवशी त्यानं घरून दोन कागद आणले. एक वडिलांचं कारखान्याचं बिल, दुसरी मोंढ्यातली सोयाबीनची पट्टी.

त्या दोन कागदांवर आम्ही तीन तास घालवले. उसाला एफआरपी आहे, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर. केंद्र सरकार तो ठरवतं, कारखान्यानं तो द्यायलाच हवा, आणि तोही चौदा दिवसांत, असं कायदा सांगतो. त्या हंगामाला १०.२५ टक्के साखर-उताऱ्यासाठी क्विंटलला ३४० रुपये दर होता. पैसे थकतात, तोडणी-वाहतूक कापून जाते, पण मागायला कायद्याचा आधार आहे. सोयाबीनलाही हमीभाव आहे. त्या वर्षी तो ४,८९२ रुपये होता. मुलाच्या हातातल्या पट्टीवर चार हजार शंभर होते. हमीभावाच्या खाली घेतलं म्हणून आडत्याला कुणी विचारत नाही, आणि खरेदी केंद्रावर नंबर लागेपर्यंत घरात माल ठेवायची ज्याची ऐपत नाही, तो मोंढ्यातच जातो. मुलगा म्हणाला, ऊस आळशाचं पीक आहे असं पुस्तकात लिहिलंय, पण आमच्या घरात ताईचं लग्न आणि माझी फी उसावरच झाली.

त्यावर मागच्या बाकावरून एक मुलगी बोलली. सहसा ती बोलत नसे. ‘याच्या शेतात आठशे फुटांचं बोअर आहे. आमच्या विहिरीचं पाणी कुठं गेलं, ते आम्हाला विचारा.’ तिच्या गावात उन्हाळ्यात अधिग्रहण होतं, म्हणजे एखाद्याचं बोअर सरकार ताब्यात घेतं आणि गाव त्यावर पाणी भरतं. मी त्या दिवशी भूजल कायदा काढला. साठ मीटर किंवा त्याहून खोल विहीर पिण्याच्या पाण्याशिवाय दुसऱ्या कामासाठी घेता येत नाही, असं महाराष्ट्राचा कायदा म्हणतो. साठ मीटर म्हणजे दोनशे फूट. वर्गातल्या एकाही मुलानं हे ऐकलेलं नव्हतं. तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडहून येणारी बोअरची गाडी मात्र प्रत्येकानं आपल्या गावात पाहिली होती.

शेवटी त्या दोघांनी मिळून वहीत एक पान लिहिलं. आधी सोयाबीन आणि तुरीला उसासारखी कायद्यानं बांधलेली खरेदी द्या. मग ऊस ठिबकावरच लावायची सक्ती करा. आणि बोअर घ्यायचं तर ग्रामसभेला विचारून घ्या, कारण खालचं पाणी एकाच्या सातबाऱ्यावर नसतं. या विषयावरचे बरेच अहवाल मी वाचलेत. ऊस कमी करा, हे त्यांत पहिल्या ओळीत असतं आणि शेतकऱ्यानं त्याऐवजी कशावर जगायचं, हे खूप नंतर. मुलांनी क्रम उलटा लावला. माझ्या मते तोच बरोबर आहे, आणि तो मला माझ्या पंचविसेक वर्षांच्या नोकरीत सुचला नव्हता.

उसाच्या दुसऱ्या टोकाची मुलंही याच वर्गात असतात. बीड जिल्ह्यातल्या केज, धारूर भागातली. दिवाळी झाली की आई-वडील तोडीला जातात, आणि मुलगी आजीपाशी राहून कॉलेज करते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्याला मिळते, बाईच्या हातात वेगळं काही पडत नाही. २०१९मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून राज्यभर बोललं गेलं, सरकारनं समिती नेमली. वर्तमानपत्रांत ‘अज्ञान’ हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता. त्या वर्षी वहीत एका मुलीनं लिहिलं : ‘एक दिवस खाडा झाला तर पाचशे रुपये उचलीत धरतात. दर महिन्याला दुखलं तर दर महिन्याला पाचशे. मग बाई एकदाच काय ते करून टाकते. याला अज्ञान म्हणू नये. हा हिशेब आहे.’ हे पान मी दर वर्षी अर्थशास्त्राच्या पहिल्या तासाला वाचून दाखवते.

मुलींच्या पानांत पाण्याखालोखाल जागा एसटीनं घेतली आहे. करोनानंतर २० ऑक्टोबर २०२१ला महाविद्यालयं उघडली आणि काही दिवसांतच एसटीचा संप सुरू झाला. तो एप्रिल २०२२पर्यंत रेंगाळला. मुलगे मोटारसायकलवर तिघं-तिघं बसून आले. मुलींची हजेरी गळली. वर्गात संपाविरुद्ध राग होता, आणि त्याच वर्गात एका वाहकाची मुलगी होती. तिनं वडिलांची पगाराची चिठ्ठी वहीत जशीच्या तशी उतरवून काढली. खाली काहीच लिहिलं नाही. त्यानंतर संपाबद्दल बोलताना मुलींचा सूर बदलला, मागणी मात्र तीच राहिली : गाडी हवी. जुलै २०२४मध्ये सरकारनं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. मोठा निर्णय होता, आणि घरी बसलेली एक मुलगी त्यामुळे फार्मसीला गेली, हे मी पाहिलंय. तिच्याच गावच्या दुसरीनं वहीत लिहिलं, की फी माफ झाली, पण आमची मुक्कामी गाडी बंद झाली. सकाळच्या सातच्या तासाला पोचू कशी? रात्री गावात येऊन थांबणारी आणि पहाटे निघणारी ती एक गाडी. त्या मुलीच्या नोंदी चार आठवडे आहेत. पाचव्या आठवड्यात मैत्रिणीनं सांगितलं, लग्न ठरलं.

नोकरीच्या पानांबद्दल थोडक्यात सांगते, कारण ती वाचताना मला त्रास होतो. २०२३च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांहून जास्त. परीक्षा शुल्क खुल्या गटाला हजार रुपये, राखीव गटाला नऊशे. त्या वर्षी किती मुलांनी किती परीक्षांचं किती शुल्क भरलं, याची वर्गानं बेरीज केली आणि ती फळ्यावर तशीच राहू दिली. त्याच वर्षी सप्टेंबरात जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला. आरक्षणावरून वर्गात दोन बाजू पडल्या. बाकांची अदलाबदल झालेली मला दिसत होती. वादविवाद ठेवा, असं काहींनी सुचवलं. मी ठेवला नाही. मी विचारलं, आजोबांकडे किती एकर जमीन होती, आज वडिलांकडे किती आहे? एका बाजूचं उत्तर बारा एकरांवरून दोन, दुसऱ्या बाजूचं नवावरून दीड. आरक्षणावर त्यांचं एकमत झालं नाही, व्हावं असा माझा आग्रहही नव्हता. पण ती पानं त्यांनी एकमेकांकडून मागून घेऊन वाचली.

अलीकडच्या नोंदी पावसाच्या आहेत. महसूल मंडळात एका दिवसात ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, की अतिवृष्टी धरतात आणि भरपाईचा विचार होतो. मंडळात पुष्कळ गावं असतात आणि पाऊस मोजायचं यंत्र एका ठिकाणी. ‘ढग आमच्या गावावर फुटला आणि नोंद दुसऱ्या गावची झाली,’ अशी तक्रार एका मुलानं केली. तक्रार खरी की खोटी, ते बघायचं ठरलं. अकरा गावांतल्या अकरा मुलांनी घराच्या पत्र्यापासून आणि झाडापासून लांब, मोकळ्या जागेत सरळ बाजूंचे डबे ठेवले. रोज सकाळी साडेआठला पट्टी बुडवून पाणी मोजायचं, लिहायचं, डबा ओतून टाकायचा. हवामान खात्याचा पावसाचा दिवसही साडेआठलाच संपतो. पहिल्याच महिन्यात दिसलं, की एकाच मंडळातल्या दोन गावांत एका दिवशी निम्म्याहून अधिक फरक पडू शकतो. मुलांनी तो तक्ता तहसील कार्यालयात नेऊन दिला आणि पोच घेतली.

सप्टेंबर २०२५मध्ये सगळ्या मराठवाड्यात पाणी झालं. मांजरा, तेरणा पात्र सोडून शिवारात शिरल्या. काढणीला आलेलं सोयाबीन जागेवर कुजलं, कुठे माती खरवडून गेली, जनावरं गेली. ज्या शहरात रेल्वेनं पाणी आलं होतं, तिथे मुलं पुराच्या पाण्यामुळे आठवडाभर कॉलेजला पोचली नाहीत. ती आली तेव्हा मी वही उघडून टेबलावर ठेवली. नदीकाठच्या एका मुलानं आपल्या डब्याच्या नोंदी एकाखाली एक उतरवल्या : ४१. ६८. ९७. चौथ्या दिवशी आकडा नव्हता. तिथे त्यानं लिहिलं, ‘डबा वाहून गेला. बांधही.’ आणि त्याखाली, दोन दिवस सोडून, ‘नवा डबा ठेवला. सकाळी ८.३०, १२ मिलिमीटर.’