पंचावन्न अंशांचं पाणी

गंटर्सव्हिलचा तलाव नकाशावर नैसर्गिक वाटतो, पण तो माणसांनी केलेला आहे. टेनेसी नदीवरचं ते धरण 1939 साली पुरं झालं, पाणी मागे मागे चढत गेलं आणि उत्तर अलाबामात सुमारे 69 हजार एकरांचा जलाशय उभा राहिला. त्याच्या तळाशी आजोबांच्या वडिलांचं मक्याचं शेत आहे. आजोबा तेव्हा सहा-सात वर्षांचे होते. बांधालगतचा चर, घोडागाडीचा रस्ता, ओढ्यावरचा साकव हे सगळं त्यांनी उन्हात पाहिलं होतं. पुढे उभा जन्म ते त्याच चरावर, त्याच रस्त्यावर होडीतून गळ टाकत राहिले. बाकीचे लोक तळ बघायला सोनारचे पडदे विकत घेत. आजोबांना तो आठवायचा.

आजोबा माझे कुणी लागत नव्हते. हंट्सव्हिलला आमच्या शेजारी राहणारे ते एक निवृत्त मशिनिस्ट. माझी मुलगी बोलायला लागली तेव्हा ती त्यांना आजोबा म्हणाली, मग घरात सगळेच म्हणू लागलो, आणि शेवटी तेही फोनवर ‘आजोबा बोलतोय’ असं सांगू लागले, ‘जो’वर नको इतका जोर देऊन. मला ते ‘यंग लेडी’ म्हणत. माझे केस पांढरे व्हायला लागले तरी त्यात बदल झाला नाही.

मी राजापूरच्या खाडीकाठची. लहानपणी काकाबरोबर गरवायला जायचे. गरीला कोळंबी लावायची, शिशाचं वजन खाली सोडायचं आणि बोटावर दोरी धरून बसायचं. आमिष खरं असल्यामुळे ते आपलं काम आपण करत असे. माणसाला फक्त धीर लागे. आजोबांच्या पेटीत खाण्यासारखं काहीच नव्हतं. लाकूड, प्लास्टिक, रबराच्या झालरी, पत्र्याची पाती. हे सगळं हातानं जिवंत करायचं असतं, आणि कुठल्या दिवशी कितपत जिवंत करायचं हे पाणी ठरवतं. म्हणून होडी धक्क्यावरून सुटली की ते पेटीला हातही लावत नसत. सुतळीला बांधलेला एक थर्मामीटर पाण्यात सोडायचे आणि मला विचारायचे, “पाणी काय म्हणतंय?”

इकडे आकडे फॅरनहाइटमध्ये बोलतात. फेब्रुवारीच्या सुरुवातीला पाणी पंचेचाळीसच्या आसपास म्हणायचं. सेल्सियसमध्ये सातेक अंश. बास हा थंड रक्ताचा मासा. एवढ्या गारठ्यात त्याचं पचन मंदावतं, तो क्वचित खातो आणि कशाच्या मागे धावत तर नाहीच. तेव्हा बांधायचं ते जिग: शिशाचं डोकं, रबराची झालर, एकच हुक, आणि मागे डुकराच्या कातडीचा खारवलेला तुकडा. प्लास्टिकचे नकली पाय बाजारात भरपूर आले होते, पण थंड पाण्यात प्लास्टिक ताठरतं आणि कातडी मऊच राहते, यावर आजोबा ठाम होते. जिग तळावरून इतकं सावकाश सरकवायचं की आपणच ते विसरून जावं. नाहीतर जर्कबेट, म्हणजे लांबट, पाण्यात मध्येच तरंगत थांबणारा मासा. दोन झटके द्यायचे आणि थांबायचं. थांबणं मला जमत नसे. “तिला घाई नाही, तुला कसली आहे?” ते म्हणत. मोठी मासळी म्हटली की त्यांच्या बोलण्यात नेहमी मादीच असे, आणि ते बरोबरही होतं. बासमध्ये मोठं अंग मादीचंच.

पण त्यांचा खरा महिना मार्च. पाणी पन्नाशी ओलांडून पंचावन्नाकडे निघालं की ऑफिसातून येताना मला त्यांच्या गॅरेजचं दार उघडं दिसायचं. एवढ्या उबेला बास नदीच्या खोल पात्रातून उठतो आणि अंडी घालायच्या उथळ कोपऱ्यांकडे निघतो. निघतो तो जुन्या ओढ्यांच्या, चरांच्या कडेनं. अशा वाटेवर तो भुकेला असतो आणि थोडाफार पाठलागही करतो. ब्राउन्स क्रीकच्या पुलापाशी, नॉर्थ सॉटीच्या तोंडाशी गेल्या वर्षीचं पाणगवत तळाला खुजं होऊन पडलेलं असतं. त्याच्यावरून रॅटल ट्रॅप ओढायचा. हा चपटा, बिनओठांचा मासा. पोटात छर्रे, त्यामुळे ओढताना खुळखुळतो. तो मुद्दाम गवतात अडकू द्यायचा. अडकला की मनगटाचा एक झटका. गवतातून सुटून तो उसळतो त्या क्षणी बास झडप घालतो, बहुतेक वेळा त्याच क्षणी. बारमाही मासेमारी करणारी माणसंसुद्धा हा अडकण्याचा भाग टाळायला बघतात, नि म्हणून रिकामी परततात, असं आजोबांचं मत होतं. मलाही पटलं ते.

त्यासाठी रॉड कुठला, यावर त्यांनी एक अख्खी संध्याकाळ घालवली. माझा नवा ग्राफाइटचा रॉड ताठ आणि हलका होता, जिगला उत्तम. पण रॅटल ट्रॅपला खाली तीन टोकांचे बारीक हुक असतात; मासा उडी मारून डोकं झाडतो तेव्हा ताठ रॉड त्याला ढील देत नाही आणि हुक निसटतात. म्हणून त्यांनी भिंतीवरून स्वतःचा फायबरग्लासचा जुना रॉड काढला आणि माझ्या हातात दिला. तो नेमका कधी माझा झाला हे आम्ही दोघांनीही कधी ठरवलं नाही. दोऱ्याचंही तसंच त्यांचं शास्त्र होतं: फ्लुओरोकार्बन बुडतो, म्हणून तळावरच्या कामाला, साधा नायलॉन फार सावकाश बुडतो, म्हणून पृष्ठभागावरच्या माशाला, आणि जून-जुलैत शेवाळाच्या गादीवरून रबरी बेडूक ओढायचा तर विणलेला जाड दोरा, कारण तिथे मासा दहा पौंड गवतासकट बाहेर येतो.

एप्रिलमध्ये पाणी साठीच्या पुढे गेलं की बासचा नर उथळ जागी शेपटीनं गाळ झाडून घर करतो. मादी अंडी घालून निघून जाते. मागे अंडी आणि मग पिल्लं राखतो तो नर. चष्मा लावून पाहिलं की हे फिकट गोल घर वरून स्पष्ट दिसतं, आणि त्यात प्लास्टिकचा किडा सोडला तर नर खायला नव्हे, बाहेर फेकायला तो तोंडात धरतो. पकडायला इतकं सोपं दुसरं काही नाही. आजोबा घरांवर गळ टाकत नसत. नर वर उचलला की भोवती टपलेले ब्लूगिल काही मिनिटांत अंडी फस्त करतात, एवढंच ते म्हणाले. ते त्या दिवसांत घरांपासून दूर, खोल पाण्याच्या उंबऱ्यावर थांबलेल्या माद्यांसाठी किडा टाकत, टेक्सस पद्धतीनं: पुढे गोळीच्या आकाराचं वजन, हुकाचं टोक किड्याच्या अंगात लपवलेलं, त्यामुळे फांद्यांत अडकत नाही. ओहायोतल्या निक क्रीम नावाच्या माणसानं 1949 साली हा प्लास्टिकचा किडा स्वयंपाकघरात वितळवून ओतला, अशी हकिगत ते सांगत. मशिनिस्टला साचा करणाऱ्या माणसाचं कौतुक असणारच. ओक रिजच्या फ्रेड यंगनं बाल्साचं लाकूड कोरून केलेला गुबगुबीत ‘बिग ओ’ त्यांच्याकडे एक होता. तो पाण्यात पडलेला मी कधी पाहिला नाही.

मी त्यांना आमच्या चढणीच्या माशांबद्दल सांगितलं. मृगाचा पहिला पाऊस पडला की ओढ्यांना पाणी फुटतं आणि मासे प्रवाहाविरुद्ध शेतांपर्यंत चढून येतात, अंड्यांनी भरलेले. गाव कंदील घेऊन बाहेर पडतं. टोपलीनं, पंचानं, हातानं, जसे मिळतील तसे पकडतात, आणि गाबोळी तव्यावर तळून खातात. सांगताना मला जरा अवघडल्यासारखं झालं होतं, कारण आमची होडी नुकतीच अशा घरांच्या रांगेवरून हळूच बाजूला वळली होती. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “चव कशी असते?”

बास सोडून द्यायची रीत इथे फार जुनी नाही. माँटगोमेरीचा विमा विकणारा रे स्कॉट, ज्यानं बासच्या स्पर्धांचा धंदा उभा केला, त्यानं 1972 साली स्पर्धेतले मासे जिवंत सोडायचा नियम आणला. त्याआधी आजोबाही बास घरी आणत. नंतर बास सोडायला लागले, पण क्रॅपी नावाचा लहान मासा मात्र दर एप्रिलला बादलीभर आणत, आणि तो महिना क्रॅपीच्याही विणीचाच. हे मी बोलून दाखवलं तेव्हा ते खो खो हसले. “क्रॅपी भरपूर आहेत, यंग लेडी, आणि ते चविष्टही आहेत.” याहून भक्कम तत्त्वज्ञान त्यांनी कधी मांडलं नाही, आणि माझं गाव यापेक्षा वेगळं काय म्हणत होतं? तळणीच्या दिवशी त्यांच्या पत्नी, आमच्या आजी, क्रॅपी मक्याच्या पिठात घोळवायच्या. मी एकदा तेच मालवणी मसाला लावून रव्यात तळले. त्यानंतर दोन ताटं व्हायची, आणि आजोबा दोन्हींतून घ्यायचे.

एका मे महिन्यात माझे बाबा राजापूरला वारले. व्हिसाचे कागद एका टेबलावर अडकलेले होते. बाहेर पडले असते तर परत येता आलं नसतं, आणि इथे मुलगी सात वर्षांची. मी गेले नाही. अंत्यविधी भावानं फोनवरून दाखवला, तोही तुटक तुटक. चौथ्या दिवशी पहाटे आजोबांनी दार वाजवलं. काही विचारलं नाही, समजूत घातली नाही. पाणी सत्तर म्हणतंय, शॅड काठाला आले असतील, एवढं बोलून ते ट्रकमध्ये जाऊन बसले.

शॅड म्हणजे चांदीच्या रंगाचे लहान मासे. पाणी सत्तरीला आलं की उजाडायच्या वेळी ते काठाच्या दगडांना अंडी चिकटवायला येतात, आणि विणीतून मोकळे झालेले बास त्यांच्यावर तुटून पडतात. हा प्रकार ऊन वर आलं की आटोपतो. आजोबांनी माझ्या दोऱ्याला झारा स्पूक बांधून दिला. हा सिगारच्या आकाराचा तरंगता तुकडा स्वतः काहीही करत नाही. रॉडचं टोक एका लयीत खाली मारत राहिलं तर डावी-उजवी मान टाकत चालतो. लय चुकली की मेला. मासा उसळला, चुकला, तरी लय मोडायची नाही, कारण तो पुन्हा येतो. त्या सकाळी आजोबा फक्त याबद्दल बोलले: दोरा किती ढिला ठेवायचा, रिकामा घाव बसला तर हात कसा आवरायचा, मोठा हुक लावला तर तुकडा मागून कसा दबतो. मी रडत होते आणि लय धरून होते. बाबांच्या जाण्याबद्दल मला त्या वर्षात जेवढं बरं बोलणं ऐकायला मिळालं, त्यात हे सगळ्यांत वर राहील. याची परतफेड कशात करायची असते मला माहीत नाही. पेट्रोलचे पैसे ते कधी घेत नसत.

जूनमध्ये पाणी ऐंशी ओलांडतं आणि बास पुन्हा नदीच्या पात्राच्या कडांवर, पंधरा-वीस फूट खाली जातो. तिथे खोल जाणारा क्रँकबेट किंवा दहा इंची किडा लागतो. आजोबांना उकाडा सोसत नसे, मलाही नाही. त्या ऋतूबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं थोडंच आहे.

अमेरिकेत पहिली काही वर्षं माझे महिने नुसते आकडे होते. मृग, आर्द्रा, हस्त ही नावं फोनवर आईच्या तोंडून यायची आणि इथल्या कशाशीच जुळायची नाहीत. आता पानं नसलेल्या फांद्यांवर रेडबडची जांभळट गुलाबी फुलं आली की मला पन्नाशीचं पाणी दिसतं, आणि डॉगवुड पांढरा झाला की नर घरं करतायत हे कळतं. झाडं आजोबांनी दाखवलेली. तीही त्यांना त्यांच्या आईनं दाखवलेली, मका कधी पेरायचा ते ठरवायला.

ते गेल्यावर त्यांच्या मुलानं मला गॅरेजमध्ये बोलावून हवं ते घेऊन जायला सांगितलं. ‘बिग ओ’ मी मुलाच्याच हातात दिला. त्याला तो काय आहे ते ठाऊक नव्हतं, सांगावं लागलं. मी रॅटल ट्रॅपचा एक डबा घेतला. त्यातले जवळजवळ सगळे लाल.

लाल रंगावरून आमचं शेवटपर्यंत पटलं नाही. आजोबांचं म्हणणं, थंडी सरताना तळातले खेकड्यासारखे क्रॉफिश लाल होतात, म्हणून मार्चमध्ये लालच. मी त्यांना सांगायचे की क्रॉफिशचा रंग जातीवर आणि पाण्यावर ठरतो, पाण्यात आधी नाहीसा होणारा रंग लालच, आणि स्वच्छ पाण्यात चांदीचा शॅड रंगच बरा. पुढे माझ्या वाचनात आलं की बासच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, एक हिरव्यासाठी आणि एक लालसाठी. म्हणजे तीन-चार फुटांच्या उथळ पाण्यात लाल त्याला चांगलाच दिसत असणार. हे आजोबांना सांगायचं राहिलं; सांगितलं असतं तर त्यांनी ते वर्षभर वापरलं असतं. या मार्चला ब्राउन्स क्रीकला पाणी पंचावन्न म्हणत होतं तेव्हा मी त्यांच्या डब्यातला लाल बांधला आणि मासे लागले. पण पाणी त्या दिवशी गढूळ होतं, त्यामुळे ते पुराव्यात धरता येत नाही.