इंजिन मागे गेले, वारा पुढेच राहिला

१/
गड, ताम्रपट आणि वीरगळ यांवर आपण नेहमीच बोलतो. आज एका यंत्राचा इतिहास सांगतो. माझे गाव तलवाडा, तालुका गेवराई, जिल्हा बीड. त्वरितादेवीचे गाव; त्वरिता म्हणजे शीघ्रगती. गावातला माझा एक वर्गमित्र पुण्यात जुनी मिड-इंजिन स्पोर्ट्‌स कार पुन्हा उभी करीत आहे आणि ऐन वैशाखात ती गावी चालवत आणण्याचा त्याचा निश्चय आहे. त्याने विचारले, "ऑईल कूलर कोणता बसवू?" त्या उत्तरासाठी हा धागा.

२/
१८८६ च्या कार्ल बेंझच्या तीनचाकीत इंजिन आसनामागे होते. १८९१ मध्ये फ्रान्समधील पानार आणि लव्हासोर यांनी ते पुढे आणले आणि पुढील अनेक दशके तीच रीत रूढ झाली. धावत्या गाडीचा वारा आधी रेडिएटरला आणि मग इंजिनाला भेटे.

३/
१९३४ मध्ये जर्मनीच्या ऑटो युनियनने शर्यतीच्या गाडीत इंजिन चालकाच्या पाठीशी ठेवले. १९५९ मध्ये जॅक ब्रॅबहॅमने तशाच रचनेच्या कूपर गाडीतून विश्वविजेतेपद मिळवले. कारण सोपे आहे: ओझे पोटाशी धरलेला माणूस चटकन वळतो, हात लांबवून धरलेला अडखळतो. १९६६ ची लॅम्बोर्गिनी मिउरा हीच रचना रस्त्यावर घेऊन आली. २०१२ च्या दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत दिलीप छाब्रिया यांची अवंतीही याच घराण्यातली.

४/
या चपळाईची किंमत मात्र मोजावी लागली. इंजिन भिंतीआड गेले, वारा बाहेर राहिला. कूपरमध्येही रेडिएटर नाकातच ठेवावा लागला. पाण्याची सोय झाली, तेलाचे काय? जिथे पाणी पोहोचत नाही, त्या बेअरिंगांची आणि पिस्टनच्या तळाची उष्णता तेलच वाहून नेते. साधारण ९० ते ११० अंश सेल्सिअस त्याला मानवते. त्याहून फार तापले की ते पातळ होते, दोन धातूंमधला पदर फाटतो आणि इंजिन जाते.

५/
हा प्रश्न आपल्या वाडी-वस्तीवरही आला होता. १९७७ मध्ये बजाजची मागे इंजिन असलेली रिक्षा आली. तिथे समोरचा वारा पोहोचत नाही, म्हणून पंखा लावून सिलिंडरवर हवा फेकली. पोर्शे ९११ चेही इंजिन मागे आणि १९९८ पर्यंत हवेनेच थंड होणारे. तिच्या जोरकस आवृत्त्यांत तेल लांब नळ्यांतून पुढच्या चाकाजवळच्या कूलरपर्यंत नेत असत. वारा इंजिनाकडे येत नसेल, तर तेलाने वाऱ्याकडे जावे, हा त्यातला विचार.

६/
आता तलवाड्याचे गणित. कूलर किती उष्णता टाकतो, हे तेल आणि हवा यांच्या तापमानांतील फरकावर ठरते. तेल ११० अंश आणि हवा २० अंश असेल, तर फरक ९०. वैशाखात हवा ४२ अंशांवर गेली की फरक उरतो ६८. म्हणजे तोच कूलर, तोच वेग, आणि काम जेमतेम तीन चतुर्थांश. तो इंजिनाच्या कोंडलेल्या खोलीत बसवला आणि तिथली हवा ७० अंश असली, तर फरक ४०, निम्म्याहूनही कमी. थंड मुलुखाचा तक्ता पाहून घेतलेली वस्तू आपल्याकडे अपुरी पडते, ती अशी.

७/
म्हणून मित्राला चार गोष्टी सुचवल्या. तक्त्यातल्यापेक्षा मोठा कूलर घ्यावा. तो बगलेतल्या हवेच्या वाटेवर बसवावा. मात्र गरम हवा बाहेर पडायलाही वाट हवी. स्वयंपाकघराला दार असून झरोका नसेल, तर धूर घरातच फिरतो. नळ्या रुंद आणि कमी वळणांच्या असाव्यात, नाहीतर तेलाचा दाब घटतो. आणि थर्मोस्टॅट हवाच: पहाटे पुण्याहून निघताना तेल गार असते, ते तापेपर्यंत कूलरची वाट बंद राहिली पाहिजे. गार, घट्ट तेलही इंजिनाला झिजवते आणि त्यात साचलेली वाफ उडून जात नाही.

८/
पैसे थोडेच उरले आहेत, आणि त्या इंजिनाचे सुटे भाग आता सहजी मिळत नाहीत. तेव्हा रंगकाम पुढे ढकलून आधी कूलर घ्यावा, असे मी त्याला कळवले आहे.

९/
तुमच्या गावच्या गॅरेजातील वयस्कर मेस्त्रींना विचारा: उन्हाळ्यात रिक्षा तापू नये म्हणून ते काय करीत? मिळालेले उत्तर इथे लिहा. तेही इतिहासाचे साधनच आहे.