चुकणारे बाबा आणि दुसरा कंट्रोलर

स्टॅन आणि जॅन बेरेनस्टेन या अमेरिकी दांपत्याने १९६२ मध्ये मधाच्या शोधात निघालेल्या अस्वल बापलेकांचे चित्रपुस्तक प्रसिद्ध केले आणि त्यातून पुढे ‘बेरेनस्टेन बेअर्स’ ही तीनशेहून अधिक पुस्तकांची माला उभी राहिली. झाडातल्या घरात राहणाऱ्या या कुटुंबात आई समंजस, तर बाबा उत्साही पण हमखास चुकणारे आहेत. १९६४ च्या पुस्तकात लेकाला सायकल शिकवताना ते स्वतःच वारंवार आपटतात आणि प्रत्येक फजितीला काय करू नये याचा धडा म्हणून खपवतात. चूक मोठ्यांची आणि हसू वाचकाचे, ही या मालेतील विनोदाची एक ठरलेली घडण आहे.

सेगा जेनेसिस या टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रासाठी १९९४ मध्ये याच कुटुंबाच्या रानातील सहलीवर एक प्लॅटफॉर्म खेळ आला. प्लॅटफॉर्म खेळ म्हणजे ज्यात पात्राला उंचसखल जागांवरून धावत, उड्या मारत आणि अडथळे चुकवत पुढे न्यावे लागते तो खेळ. या खेळात खेळाडूकडे भाऊ किंवा बहीण यांपैकी एक पिल्लू येते, बाबा नव्हे; त्यामुळे पुस्तकात जी चूक दुसऱ्याची म्हणून गमतीची वाटते, ती येथे मुलाच्या स्वतःच्या बोटांची ठरते.

प्रस्तुत लेखिकेने अमेरिकेतील वास्तव्यात सहा वर्षांच्या भाचीसोबत हा खेळ खेळला, तेव्हा हा फरक स्पष्टपणे जाणवला. पुस्तके पाठ असलेली भाची एकटीने खेळताना दोन-तीनदा पडताच रडवेली होऊन कंट्रोलर, म्हणजे बटणांचा हातातील संच, बाजूला ठेवत असे. दोघांनी मिळून खेळण्याची सोय असल्याने मावशीने दुसरा कंट्रोलर हाती घेतला आणि, सराव नसल्यामुळे, भाचीपेक्षा अधिक वेळा ती पडू लागली. तिची प्रत्येक चुकलेली उडी पाहून भाचीला तेच हसू येई, जे बाबांच्या फजितीला येत असे. पुढे ती मावशीसाठी थांबू लागली, कोठून उडी घ्यायची हे सांगू लागली आणि स्वतःच्या पडण्याने खचेनाशी झाली.

बाबांची जागा खेळात रिकामी राहिली होती. ती भरण्यासाठी दुसरा कंट्रोलर घेऊन शेजारी बसणारे आणि चारचौघांत चुकायला न लाजणारे मोठे माणूस लागते.