आवाज ऐक, मग दाब!

स्प्रे गनचा खटका दाबता येणं आणि स्प्रे मारता येणं, या दोन टोटली वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली दोन मिनिटांत जमते. दुसरीसाठी माझे सात रविवार गेले. त्या सात रविवारी मी एकही मॉल पाहिला नाही, मैत्रिणींचे फोन उचलले नाहीत आणि सोमवारी ऑफिसला जाताना नखांच्या कडेनं राखाडी प्रायमर असायचा. एचआरमधल्या एकीनं तर विचारलंच, ‘हा कुठला नवा नेल आर्ट?’

मुळात गन मी हातात घ्यावी असा काही प्लॅन नव्हता. घरात बाबांची चेतक आहे. बजाजनं चेतक आणली १९७२ मध्ये, आमची १९८६ ची. अख्खी पत्र्याची, प्लास्टिकचं नाव नाही. बाबांना ती विकायची नाही आणि तिच्यावरचा गंजही बघवत नाही. दोन-तीन गॅरेजवाल्यांना विचारलं, तर म्हणाले, ‘मॅडम, एवढ्या जुन्या गाडीवर कशाला खर्च करता?’ राहिले आमच्या गल्लीतले पेंटरकाका. पस्तीसेक वर्षं गाड्या रंगवलेला माणूस. पण त्यांची गन दोन वर्षांपासून खिळ्याला टांगलेली. दमा. डॉक्टरांनी सांगितलं, रंगाच्या आसपास फिरकायचं नाही.

‘मी मारत नाही,’ काका म्हणाले. ‘तू मार. मी समोरच्या ओट्यावर बसतो.’

आता थोडा इतिहास. हा प्रकार मला फारच गमतीचा वाटला. अमेरिकेतल्या ओहायोत, टोलेडो गावी, ॲलन डीव्हिलबिस नावाचे डॉक्टर होते. पेशंटच्या घशात औषधाचा फवारा मारता यावा म्हणून त्यांनी एक ॲटोमायझर बनवला. त्यांच्या मुलानं, थॉमसनं, तीच कल्पना पुढे नेऊन १९०७ मध्ये रंगाची गन केली. म्हणजे घसा बरा करणाऱ्या यंत्राच्या पोटी हे यंत्र जन्मलं! पुढे १९२० च्या दशकात ड्यूपाँटचा ‘ड्युको’ हा झटपट वाळणारा नायट्रोसेल्युलोज रंग आला आणि मोटारींच्या कारखान्यांत ब्रश मागे पडला. आपल्याकडे सुतार आजही ‘ड्युको मारून देतो’ म्हणतात, ते नाव तिथलं.

काकांनी आमच्या चेतकसाठी हाच जुना एनसी रंग ठरवला. मी म्हटलं, हल्ली सगळे टू-के पीयू मारतात, चकाकी सॉलिड असते. ‘असते ना,’ काका म्हणाले, ‘माझ्या छातीला विचार.’ टू-के रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. एकदा शरीरानं त्याचा धसका घेतला, की नंतर अगदी थोडी वाफही दमा उसळवायला पुरते. धड वासही येत नाही, त्यामुळे नाकात गेलं हे कळतसुद्धा नाही. काकांनी सगळी वर्षं तोंडाला सुती रुमाल बांधून काढली. रुमाल रंगाचे थेंब अडवतो, वाफ नाही. एनसीच्या थिनरची वाफही काही अमृत नाही, पण तिच्यासाठी कोळशाच्या कार्ट्रिजचा मास्क मिळतो. तो आणल्याशिवाय गनला हात लावायचा नाही, ही काकांची पहिली अट. दुसरी, आसपास काडी पेटवायची नाही. तिसरी, दिवाळी होईपर्यंत थांबायचं. पावसाळी हवेत एनसी मारला तर थिनर भर्रकन उडून पत्रा गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि रंग पांढरट होतो.

पहिले तीन रविवार गनचं दर्शनच नाही. नुसतं घासकाम. गंज काढा, प्रायमर, खड्ड्यांत लांबी, पुन्हा घासा. आधी १८० चा पेपर, मग ३२०, शेवटी पाणी लावून ६००. ‘डोळ्यांनी बघू नकोस, हात फिरव,’ काका म्हणायचे. आणि खरंच, डोळ्याला सपाट दिसणाऱ्या पत्र्यावर तळहाताला खड्डा लागतो. रंग हा खड्डा लपवत नाही, उलट चमक आली की तो गल्लीच्या टोकापासून दिसतो. गुळगुळीत फिनिशचं बरंचसं श्रेय या कंटाळवाण्या घिसाईचं आहे, गनचं नाही.

चौथ्या रविवारी गन. तेलाच्या डब्यांचे पत्रे उलगडून भिंतीला लावले. आधी रंग गाळायचा, थिनर घालून पातळ करायचा. भोकाच्या कपातून तो साधारण २० सेकंदांत गळून जावा. हवा ४० पौंड. मग जुन्या पेपरवर एक फवारा मारून आकार बघायचा. उभा, लांबट, सगळीकडे सारखा हवा. मध्ये बारीक आणि दोन्ही टोकांना जाड, म्हणजे डमरू झाला, तर हवा जास्त. मधोमधच गोळा झाला तर हवा कमी किंवा रंग जाड.

अंतर एक वीत. अंगठा गनच्या तोंडाशी, करंगळी पत्र्याशी, झालं माप. आणि हात फिरवायचा तो इस्त्रीसारखा, पत्र्याला समांतर, खांद्यातून. नुसतं मनगट वळवलं की मध्ये रंग जास्त आणि टोकांना कमी. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढवायचा.

मग काकांनी भन्नाट गृहपाठ दिला. तीन पत्रे मुद्दाम बिघडवायचे! पहिल्यावर जवळून, सावकाश मारून ओघळ काढायचे. दुसऱ्यावर जाड रंग मारून संत्र्याची साल उठवायची. तिसऱ्यावर दोन वितींवरून मारायचं, म्हणजे थेंब हवेतच सुकून खरखरीत भुकटी बसते. प्रत्येक पत्र्यामागे खडूनं कारण लिहायचं. आमच्या ऑफिसात टेस्टिंगवाले सॉफ्टवेअर मुद्दाम पाडून बघतात, तसंच.

पण खरी मजा आवाजाची. काका गल्लीपलीकडच्या ओट्यावर बसलेले, त्यांना माझा पत्रा दिसत नव्हता. कॉम्प्रेसर टाकी भरून थांबला, की ते कान देऊन ऐकायचे. खटका अर्धा दाबला की नुसती हवा, ‘फुस्’. पूर्ण दाबला की रंग येतो, आवाज जड होतो, ‘सर्रर्र’. हात पत्र्याबाहेर असताना हवा सुरू, कडेला पोचताना रंग सुरू, पलीकडची कड ओलांडली की रंग बंद. फुस्, सर्रर्र, फुस्. टोकाला खटका सुटला नाही तर तिथे रंग दुप्पट बसतो.

‘डावीकडे सोडत नाहीयेस,’ पलीकडून हाक यायची.
‘काका, तुम्हाला कसं कळलं?’
‘अगं, सर्रर्रला श्वासच नाही. आवाज ऐक, मग दाब.’

पाचव्या रविवारी मडगार्ड आणि साइड पॅनल, सहाव्या रविवारी पुढचा पत्रा. पातळ कोट, दहा-पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा कोट. त्या थांबण्याच्या वेळात मी मास्क काढून काकांशेजारी जाऊन बसायचे. तिथून शेजारच्या गॅरेजातला पोरगा दिसायचा. असेल एकोणीस-वीसचा. टू-के मारत असायचा आणि तोंडाला रुमाल. काका बराच वेळ त्याच्याकडे बघत बसायचे. एकदा म्हणाले, ‘हात चांगला आहे त्याचा.’ पुढे काही बोलले नाहीत. जुन्या गनमधला जेमतेम ३० टक्के रंग वस्तूवर बसतो, बाकीचा हवेत जातो. नव्या एचव्हीएलपी गनमध्ये ६५ टक्क्यांच्या आसपास बसतो, पण तिला कॉम्प्रेसर तगडा लागतो. त्या पोराच्या हातात जुनीच होती.

सातव्या रविवारी २००० चा पेपर आणि कंपाउंड. नाना पेठेतून नवं रबर बीडिंग आणलं. बाबा गाडीभोवती तीन फेऱ्या मारून एवढंच म्हणाले, ‘पेट्रोल सांडलं तर लगेच पुसायचं हं, एनसी आहे.’ काकांनी पुढच्या पत्र्यावर तळहात फिरवला. खाली, पायाशी, एका जागी थांबले. ‘इथे जरा कोरडं आहे. पण तिथे कोण बघतंय?’ मजुरीचा विषय काढला तर गन थिनरनं धुऊन खिळ्याला अडकवायला सांगितलं.

निघताना त्यांनी विचारलं, मास्क कुठे मिळतो? कितीला? अर्ध्या तासानं पुन्हा तेच. पुढच्या आठवड्यात मी तसाच एक मास्क आणि जास्तीची कार्ट्रिजं त्यांच्या फळीवर नेऊन ठेवली. दुकानदाराकडून लिहून घेतलेला कागदही ठेवला: वाफेचं कार्ट्रिज वेळेवर बदलायचं, आणि टू-केसाठी बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क उत्तम.

परवा बाबा सांगत होते, फळीवर आता काही नाही. शेजारचा पोरगा तो मास्क लावून एनसी मारत होता, आणि काका समोरच्या ओट्यावर बसून त्याला ओरडत होते.