साठीनंतरची फटफटी

आपल्याकडे मनुष्य साठीस आला म्हणजे त्याच्या पुढील दिनक्रमाची आखणी इतर मंडळीच करून ठेवितात. सकाळीं फेरफटका, दुपारीं वर्तमानपत्र, सायंकाळीं नातवंडांस बागेंत नेणें आणि जमल्यास एखादा ग्रंथ वाचावयास घेणें, एवढ्यावर त्यानें संतुष्ट असावें अशी सर्वांची अपेक्षा असते. या दिनक्रमास नांवें ठेवण्याचा माझा मुळींच हेतु नाहीं. तो मीहि पाळतों. परंतु गेल्या वर्षापासून दर रविवारीं सकाळीं दोन तास मी फटफटीवर उभा राहून ती दगडधोंड्यांतून चालविण्यास शिकत आहें. माझें वय बासष्ट. तेहतीस वर्षें शाळेंत गणित शिकविण्यांत गेलीं. हें ऐकून आप्तेष्टांच्या चेहऱ्यावर प्रथम हसूं व मागाहून काळजी उमटते. त्या सर्वांस एकदांच काय तें उत्तर द्यावें, म्हणून हा लेख.

फटफटीची शर्यत म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें वेग, धूळ आणि कर्कश आवाज उभा राहतो. पुण्या-नाशिककडे होणाऱ्या मोटोक्रॉसच्या शर्यती त्या जातीच्या होत. मी ज्याविषयीं लिहीत आहें त्या खेळास इंग्रजींत ‘ट्रायल’ म्हणतात; आपण त्यास ‘कसोटी’ म्हणूं. येथें वेगास मान नाहीं. खडकाळ चढ, ओढ्याचें पात्र, झाडांचीं मुळें, असा एखादा बिकट टप्पा आंखून देतात. जमिनीस पाय न टेकतां त्यांतून गाडी पार न्यावयाची. एकदां पाय टेकला तर एक दोष, दोनदां टेकला तर दोन, आणि तीन किंवा त्याहून अधिक वेळां टेकला तरी तीनच. परंतु गाडी उलटली किंवा स्वार आंखलेल्या वाटेबाहेर गेला तर मात्र पांच. सर्व टप्पे मिळून ज्याचे दोष कमी, तो विजयी. या नियमांत जें शहाणपण आहे तें वाचकांच्या ध्यानीं आलेंच असेल. पाय टेकीत टेकीत कां होईना, जो पलीकडे पोंचला त्यास हा खेळ बरीच क्षमा करितो. जो मध्येंच कोसळला त्यास करीत नाहीं.

हा खेळ कांहीं आजचा नव्हे. स्कॉटलंडमधील सहा दिवसांची प्रसिद्ध कसोटी 1909 सालीं सुरू झाली. 1914 सालीं यॉर्कशायरमधील आल्फ्रेड अँगस स्कॉट या मोटारसायकलीच्या कारखानदारानें आपल्याच कामगारांसाठीं माळरानावर अशी स्पर्धा ठेविली. ‘स्कॉट ट्रायल’ या नांवानें ती पुढें नांवारूपास आली. जागतिक अजिंक्यपद 1975 सालापासून खेळलें जाऊं लागलें. स्पेनचा टोनी बाऊ यानें 2007 पासून त्यावर अनेक वर्षें अखंड सत्ता गाजविली. मला अधिक मोलाची वाटते ती दुसरीच गोष्ट. ब्रिटनमधील अनेक क्लबांत चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या स्वारांसाठीं निराळे वर्ग असतात, आणि केस पांढरे झाल्यावर प्रथमच या खेळाकडे वळणारांस तेथें कोणी हसत नाहीं.

आतां मी याकडे कां वळलों तें सांगतों. माझे वडील चौऱ्याहत्तराव्या वर्षीं न्हाणीघराच्या उंबऱ्याशीं पाय अडखळून पडले. खुब्याचें हाड मोडलें. शस्त्रक्रिया झाली, चार महिन्यांनीं हाडहि सांधलें; परंतु मोडलेला धीर कांहीं सांधला नाहीं. जो गृहस्थ रोज पहाटे खडकेश्वरापर्यंत पायीं जात असे, तो पुढील दोन वर्षें ओसरीच्या पलीकडे गेला नाहीं. आपण पडूं, या एका विचारानें त्यांस खुर्चींत बसवून ठेविलें. जागतिक आरोग्य संघटनेनें 2021 सालीं दिलेल्या माहितीप्रमाणें जगांत दरवर्षीं सुमारें 6 लाख 84 हजार माणसें पडल्यामुळें मरतात, आणि त्यांत साठीवरील माणसांचें प्रमाण सर्वांत मोठें असतें. मरणाची गणना तरी होते. भीतीनें घरांत बसलेल्यांची गणना कोण करणार? माझी साठी उलटली, आणि एके दिवशीं जिना उतरतांना माझा हात आपण होऊन कठड्याकडे गेला, तेव्हां मला वडिलांची ओसरी आठवली.

मनुष्याचा तोल तिघांच्या आधारावर चालतो: डोळे, कानाच्या अंतर्भागांतील तीन अर्धवर्तुळाकार नलिका व त्यांजवळचीं इंद्रियें, आणि तळपाय, स्नायू व सांधे यांकडून मेंदूस जाणारी वर्दी. वयोमानानें हे तिन्ही साक्षीदार मंदावतात. पण त्यांस रोज कामास लाविलें तर ते बरेच दिवस जागे राहतात, असें वैद्यकशास्त्र सांगतें. फटफटी वेगांत असतांना पुष्कळशी आपण होऊनच सांवरते. माणसाच्या चालीहून मंद झाली कीं तो सर्व भार स्वारावर येतो. म्हणूनच ही कसोटी म्हणजे तोलाची शाळा आहे, असें मला वाटलें.

गुरु मिळण्यास अडचण पडली नाहीं. 1985 सालीं वाळूज येथें बजाजचा कारखाना सुरू झाला, तेव्हांपासून आमच्या गांवांत फटफटीची नाडी ओळखणारीं माणसें गल्लोगल्लीं आढळतात. आमच्या समर्थनगरांतील एक तरुण वाळूजलाच नोकरीस असून त्यास या खेळाचा नाद आहे. खऱ्या कसोटीच्या गाडीस बैठकच नसते, आणि तिचें वजन सत्तर किलोंच्या आसपास, म्हणजे जवळजवळ माझ्याइतकेंच असतें. तसली गाडी आम्हांस कोठून मिळणार? एक जुनी बॉक्सर घेऊन तिचीं अनावश्यक अंगें त्यानें उतरविलीं. कसोटीच्या गाडीच्या मागील चाकांत अवघी चार-पांच पौंड हवा ठेवितात, म्हणजे टायर दगडास बिलगून राहतो. आमच्या गाडीस इतकी कमी हवा मानवत नाहीं, कारण आंतील ट्यूब सरकून वाल्व तुटतो. म्हणून रस्त्यावर जेवढी भरतों त्याच्या निम्म्यावर आम्ही थांबतों.

जागा म्हणाल तर आमच्या शहरास देवानें ती मुबलक दिली आहे. दक्षिणेस सातारा गांवचें खंडोबाचें देऊळ आहे. त्यामागील डोंगराच्या पायथ्याशीं एका स्नेह्याची पडीक जमीन आहे. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचा हा काळा पाषाण. वेरूळचें कैलास लेणेंहि याच जातीच्या खडकांत कोरलें आहे. खडक पक्का असतो, पण त्याची झीज होऊन पसरलेला मुरूम चाकाखालून मोहऱ्यांसारखा निसटतो.

पहिले दोन महिने आम्हीं दगडास स्पर्शहि केला नाहीं. फूटरेस्टवर उभें राहावयाचें, गुडघे किंचित् वांकवावयाचे, पहिल्या गिअरमध्यें ‘हाफ क्लच’ धरून गाडी मुंगीच्या पावलांनीं चालवावयाची आणि जमिनीवर आठाचा आंकडा काढावयाचा, एवढाच अभ्यास. गाडी डावीकडे कलली तर शरीर उजवीकडे न्यावयाचें, हें सांगावयास सोपें आहे. पण अनेक वर्षें स्कूटरवर बसून गेलेल्या देहास तें पटावयास वेळ लागतो. “काका, दगडाकडे पाहूं नका, जेथें जावयाचें तेथें पाहा,” हें वाक्य मीं शंभरदां तरी ऐकलें असेल. नजर ज्या धोंड्यावर खिळते त्याच धोंड्यावर चाक जातें, हा माझा नित्याचा अनुभव आहे.

घरांतील संमति मिळविणें हा याहून बिकट टप्पा होता. सौभाग्यवतीनें विरोध केला नाहीं; तिनें तीन अटी घातल्या. हेल्मेट, गुडघ्याचीं कवचें व घोट्यावरचे बूट यांवांचून गाडीस हात लावावयाचा नाहीं. एकट्यानें कधींहि जावयाचें नाहीं. आणि डॉक्टरांचा सल्ला आधीं घ्यावयाचा. शेवटच्या बाबतींत सरकारहि तिच्याच पक्षाचें आहे. चाळिशीनंतर परवान्यासाठीं डॉक्टरचा दाखला लागतो, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर पंचावन्नावरील माणसाच्या परवान्याचें नूतनीकरण पांच वर्षांपुरतेंच होतें. पुढें तीहि आमच्याबरोबर येऊं लागली. घडीची खुर्ची टाकून ती जुन्या दैनंदिनींत माझे दोष लिहिते. “अहो, टेकला हो!” ही तिची आरोळी त्या माळावर आतां गुराख्यांसहि परिचयाची झाली आहे.

तिसऱ्या महिन्यांत तो प्रसंग आला. चढावर गाडी बंद पडली, मागें सरकली आणि मी डाव्या अंगावर मुरुमांत पडलों. क्षणभर मी तसाच निजून राहिलों. खांदा दुखत होता, पण मन खांद्यापाशीं नव्हतें. तें ओसरीवरील त्या खुर्चीपाशीं होतें. तो तरुण धांवत आला. सौभाग्यवती खुर्चीवरून उठली होती. तिचा चेहरा उतरला होता, हें मला दुरूनहि दिसलें. मी उठून बसलों, हातपाय हालवून पाहिले, आणि तिच्याकडे पाहून मान डोलाविली. तिनें बराच वेळ माझ्याकडे पाहिलें. मग खालीं बसून वहींत लिहिलें, “पांच.” ‘आतां पुरे’ हे शब्द तिच्या ओठांवर नक्कीच आले असतील, ते तिनें गिळले. त्या गिळलेल्या शब्दांबद्दल मी तिचा जन्माचा ऋणी आहें. पुढील रविवारीं खांद्यावर लेप लावून मी त्याच चढापाशीं गेलों आणि चार ठिकाणीं पाय टेकीत वर पोंचलों. वहींत तीन दोषांची नोंद झाली. आजवर मिळालेल्या कोणत्याहि शून्यापेक्षां ते तीन मला प्रिय आहेत.

या उद्योगानें मी तरुण झालों असें मी म्हणणार नाहीं. गुडघे पूर्वींप्रमाणेंच कुरकुरतात. फरक पडला तो एवढाच: गुलमंडीच्या गर्दींत गाडी मंद चालवितांना आतां पाय खालीं सोडावे लागत नाहींत, आणि जिना उतरतांना हात कठड्याकडे जात नाहीं. पडणें म्हणजे सर्वस्वाचा अंत, ही समजूत मनांतून पुष्कळ कमी झाली आहे.

माझ्या वयाच्या वाचकांनीं उद्यांच फटफटी विकत घ्यावी, असा माझा आग्रह नाहीं; ज्यांचीं हाडें ठिसूळ आहेत किंवा ज्यांस भोंवळ येते, त्यांनीं तर मुळींच घेऊं नये. पण भिंतीशेजारी एका पायावर उभें राहून दहा अंक मोजणें, देवघरापर्यंत टांचेस अंगठा लावीत सरळ रेषेंत चालणें, एवढें तर बहुतेकांस डॉक्टरांस विचारून करतां येईल. तोल हा वडिलोपार्जित ठेवीसारखा नाहीं. तो रोजच्या रोज कमवावा लागतो. आणि हा अभ्यास एकट्यानें करूं नये. शेजारीं वही घेऊन कोणीतरी बसावें, आणि तें माणूस हिशेबास कडक असावें.